तीन डॉलरची ओमा

१

सीडी टेबलावर अशी आदळली, की जुनेल हेन्स्लीच्या कपातली निम्मी कॉफी टेबलपोशावर सांडली.

"माझ्या आईला पुसून टाकलंय मेल्यांनी!" डार्ला म्हणाली. रागाने तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

जुनेलने आधी कॉफी पुसली, मग चष्मा लावला. सीडीच्या वेष्टनावर कुठलंसं कोठार आणि त्यापुढे सूर्यफुलं होती. शेल्नट भगिनींचा फोटो नावालाही नव्हता. वर मोठ्या अक्षरांत 'शेल्नट भगिनी : सोनेरी बारा' आणि कोपऱ्यात किमतीची चिठ्ठी, दोन डॉलर नव्याण्णव सेंट. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

"कुठे मिळाली?"

"हायवेवरच्या ट्रक थांब्यावर. सुकवलेलं मांस आणि काच पुसायचं पाणी यांच्या मधे तारेची फिरती मांडणी असते ना, तिथे. मी हरखून घेतली. गाडीत लावली तर मावशीचा आवाज तोच, पण शेजारी आईच्या जागी भलतीच कोणी बाई! प्रत्येक ओळीआधी कुत्रं धापावं तशी धापते. शब्दसुद्धा चुकीचे. गाण्यात जेवणाला 'सपर' म्हटलंय, ही बया 'डिनर' म्हणते!"

डार्लाची मावशी व्हर्डी तिच्या मागेच उभी होती, हातात लोणच्याची बरणी घेऊन. अडुसष्टाव्या वर्षीही केस नीट फुगवलेले. १९६९ साली व्हर्डी आणि तिची धाकटी बहीण ओमा या दोघींनी एकाच वसंतात दोन रेकॉर्डी काढल्या, आणि पूर्व टेनेसीच्या या डोंगरातल्या सूतगिरणीच्या पोरींचं नाव चार राज्यांत झालं. तिसरी रेकॉर्ड आलीच नाही. ओमा तीन वर्षांनी गेली. गिरणीतला कापूस छातीत बसला होता. तेव्हा डार्ला तीन वर्षांची होती. बाप आधीच परागंदा. पोरीला व्हर्डीने वाढवलं आणि दर वाढदिवसाला केक कापण्याआधी ती रेकॉर्ड लावली. डार्लाला आईचा चेहरा आठवत नव्हता. आई म्हणजे तो आवाज.

"कंपनीला वकिलाची नोटीस दिलीय आम्ही दोघींनी," व्हर्डी म्हणाली. "घाबरले मेले. शुक्रवारी दुपारी एक वाजता सगळ्या सीड्या आणि ज्या टेपवरून केल्या ती टेपसुद्धा यंत्रात घालून चुरा करणार आहेत."

"मग माझं काय काम उरलं?"

"त्या बाईचं नाव," डार्ला म्हणाली. "तुम्ही एकोणतीस वर्षं शेरीफच्या कचेरीत लोकांचे अडीअडचणीचे फोन घेतलेत. नुसत्या हॅलोवरून माणूस ओळखता. मला नाव शोधून द्या. रेडिओवर माफी मागायला लावते की नाही बघा."

"कशाला जुनेलला त्रास?" व्हर्डी पटकन म्हणाली. "शुक्रवारी सगळं संपतंय ना! जुनेल, हे घे काकडीचं लोणचं. आणि शुक्रवारी डिनरला ये, बाराला. सोयाबीन नको म्हणशील, घेवडाच करते."

जुनेलने बरणी घेतली. राग तिलाही आला होता. मेलेल्या बाईचा आवाज चोरायचा, म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्यातला प्रकार.

२

जुनेल या खोऱ्यात आली ओमा गेल्यानंतर दोन वर्षांनी, त्यामुळे ओमाला तिने प्रत्यक्ष कधी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी तिने डार्लाकडून आणलेली जुनी रेकॉर्ड लावली, मग सीडी, मग पुन्हा रेकॉर्ड. दोन्हीकडे पहिलं गाणं एकच. बायको बांधावरून नवऱ्याला हाक मारते :

*ये रे राजा, सोड नांगर, सपर झालंय तयार,*
*पायाखाली सावली तुझी, ऊन डोक्यावर फार.*

सीडीवर 'सपर'च्या जागी 'डिनर'. दोघी बायका एकाच दमात म्हणतात, शब्दाचा काठ जराही मागेपुढे नाही. व्हर्डीचा आवाज दोन्हीकडे तिशीतला, कोवळ्या दोडक्यासारखा करकरीत. जोडीदारणींचे आवाज मात्र दोन. रेकॉर्डवरचा गुळगुळीत, तुपासारखा. सीडीवरचा जरा खरखरीत, आणि हो, ओळ सुरू व्हायच्या आधी धाप ऐकू येत होती.

डार्लाचा पहिला संशय जोली फेवर होता. ही जोली फे केस कापायचं दुकान चालवी आणि जत्रेत ओमाची नक्कल करून टाळ्या मिळवी. जुनेल तिच्याकडे केस कापायलाच जाऊन बसली.

"मी?" जोली फेने कात्री हवेतच थांबवली. "मिस जुनेल, माझ्या नवऱ्याची शपथ! म्हणजे पहिल्या नाही, आत्ताच्या. मला कोणी बोलावलं असतं तर मी गावभर ढोल वाजवला नसता का?"

"गाऊन दाखव बघू. 'ये रे राजा'."

जोली फेने मान वर करून गायलं. छान गायली आणि 'सपर' म्हणाली.

"हा शब्द कुठे शिकलीस?"

"रेकॉर्डवरून. आणखी कुठून? सगळे तिथूनच शिकलेत. चर्चमधल्या म्हाताऱ्या तेवढ्या कुरकुरतात, की ओमाचा आवाज रेकॉर्डवर ओमासारखा वाटत नाही. पण यंत्रात आवाज निराळाच लागतो ना?"

जुनेलचे केस निम्मेच कापून झाले होते, पण तिने अंगावरचं फडकं काढलं आणि पैसे ठेवले. नक्कल करणारी कोणीही असती तरी तिने 'सपर'च म्हटलं असतं. मग हा 'डिनर' आला कुठून?

३

बुधवारी ती साडेतीन तास गाडी हाकत नॅशव्हिलला गेली. सीडी कंपनी म्हणजे टायरच्या दुकानामागचं एक पत्र्याचं गोदाम होतं. मालक डेनी कूट्स खोक्यावर बसून बर्गर खात होता.

"आणखी एक वकील?" तो म्हणाला.

"वकील असते तर इतक्या स्वस्त चपला घातल्या असत्या का? मला फक्त नाव सांगा. ओमाच्या जागी कोणाला गायला लावलंत?"

कूट्स हसला, मग त्याला ठसका लागला. "बाई, इकडेतिकडे बघा जरा. माझ्याकडे कॉफीचं यंत्र दुरुस्त करायला माणूस नाही, मी गाणारी कुठून आणू? एक जुना स्टुडिओ बंद पडला, त्याचं सामान लिलावात घेतलं. त्यात टेपांचे डबे होते. डब्यावर शेल्नट भगिनी लिहिलेलं, एप्रिल एकोणसत्तरची तारीख. यंत्रात घातली, सीडी केली. तीन डॉलरच्या मालाला मी कानसुद्धा लावत नाही."

"डब्यावर आणखी काही लिहिलं होतं?"

"होतं की. लाल पेन्सिलीने, 'वापरू नये'." त्याने बर्गरचा कागद चुरगळला. "वापरू नये लिहिलेल्या टेपा स्वस्त पडतात."

या माणसाला लाज नव्हती, पण खोटंही बोलत नव्हता. फोनवर हजारो खोटारडे ऐकून जुनेलचा कान तयार झाला होता. खोटं बोलणारा माणूस उत्तर लांबवतो, आणि याला तर उत्तरातही काटकसर करायची होती.

"ती टेप मला ऐकू द्याल?"

"ती चुऱ्याच्या गाडीत चढलीय. शुक्रवारी एकला यंत्र चालू. थांबवायचं असेल तर नोटिशीवर सह्या करणाऱ्या दोन्ही बायकांनी सांगायला हवं. एकीने सांगून भागणार नाही, माझा वकील तसा हट्टी आहे." तो उठला. "स्टुडिओचे म्हातारेबुवा अजून आहेत. हॉलिस विनफ्री. त्यांना विचारा त्यांनी डब्यात काय भरून ठेवलं होतं ते."

४

हॉलिस विनफ्री ब्याऐंशी वर्षांचे होते. शेल्नट भगिनींच्या रेकॉर्डी त्यांनीच बनवल्या होत्या. घराच्या भिंतीवर सोनेरी तबकड्या इतक्या दाटीने लावलेल्या, की भिंतीचा रंग कळत नव्हता. त्यांनी बर्फाचा गोड चहा मागवला आणि खुर्चीत रेलले.

"ती भिकार सीडी मी ऐकलेली नाही," ते म्हणाले. "ऐकणारही नाही. हात धुवावे लागतील."

"पण बाई कोण असेल, काही अंदाज?"

"कोणी का असेना. मी शिकागोहून इथे आलो तेव्हा या डोंगरातल्या पोरींना माईकपुढे उभं राहता येत नव्हतं. मी त्यांना घडवलं. शब्दसुद्धा मी सुधारले. गाणं गावाकडचं वाटलं पाहिजे ना? 'डिनर' म्हटलं की हॉटेल डोळ्यांपुढे येतं, मेणबत्त्या आणि टाय. 'सपर' म्हटलं की कसं, चूल पेटते!"

जुनेलच्या हातातला चहा तसाच राहिला. तिचा जन्म चुलीपाशी गेला होता आणि हा शिकागोचा गृहस्थ तिला चूल शिकवत होता.

"आणि ओमा कशी गायची?"

"सोन्यासारखी. तुम्ही रेकॉर्ड ऐकलीच असेल. त्या सीडीवरच्या बाईसारखी प्रत्येक ओळीआधी धाप टाकत नव्हती."

बर्फ पेल्यात खळ्ळकन हलला. जुनेलने धापेचा एक शब्दही काढला नव्हता. आणि बुवांनी तर सीडी ऐकलीच नव्हती.

"बरोबर आहे," ती हळूच म्हणाली आणि उठली. आणखी एक मिनिट बसली असती तर तो गोड चहा तिने म्हाताऱ्याच्या मांडीवर ओतला असता.

परतीच्या वाटेवर ती रागाने एवढी तापली होती, की दोनदा चुकीच्या फाट्याला वळली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! धापेबद्दल याला कळलं कसं? सीडीवरून नाही, तर मग टेपवरूनच. पस्तीस वर्षांपूर्वी, लाल पेन्सिल हातात असताना.

आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. तिने गाडी कडेला घेतली आणि गाणं पुन्हा लावलं. 'डिनर झालंय तयार'. दोघी एकदम. दोघी!

आता तिला त्या बाईचं नाव कळलं होतं, आणि ते डार्लाला कसं सांगावं हे मात्र कळत नव्हतं.

५

शुक्रवारी बाराच्या ठोक्याला व्हर्डीच्या टेबलावर घेवडा, मक्याचा पाव, तळलेली भेंडी आणि लोणचं मांडलेलं होतं. व्हर्डीने प्रार्थना म्हटली. डार्ला घड्याळाकडे बघत होती.

"अजून एक तास," ती म्हणाली. "मग ती बया कायमची गप्प. मिस जुनेल, नाव मिळालं?"

"मिळालं. पण आधी एक सांग. आत्ता आपण काय खातोय?"

"म्हणजे? डिनर."

"भर दुपारी?"

"मग दुपारच्या जेवणाला काय म्हणणार? रात्रीचं ते सपर." डार्ला हसली. "उन्हात गाडी चालवून डोकं फिरलं का तुमचं?"

"गाण्यात नवऱ्याची सावली कुठे आहे गं?"

"पायाखाली. ऊन डोक्यावर…" डार्ला थांबली. "म्हणजे दुपार आहे."

"दुपार. इथे जन्मलेली कुठलीही बाई नवऱ्याला दुपारी सपरला बोलवायची नाही. गाणं मुळात 'डिनर'चंच होतं. 'सपर' विनफ्रीने घातलं, गावठी वाटावं म्हणून. त्याने स्वतः सांगितलं मला."

व्हर्डीने पावाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"म्हणजे त्या चोरट्या बाईला जुने शब्द ठाऊक होते?" डार्ला म्हणाली.

"डार्ला, नीट ऐक. तू म्हणतेस कंपनीने रेकॉर्डवरून तुझ्या आईचा आवाज पुसला आणि दुसरीचा चिकटवला. समज, चिकटवला. मग शेजारी गाणाऱ्या व्हर्डीने काय म्हणायला हवं? तिला तर कोणी पुसलं नाही. तिने रेकॉर्डवर म्हटलं तेच, 'सपर'. पण सीडीवर तीसुद्धा 'डिनर' म्हणते. आणि तो आत्ताच्या व्हर्डीचा आवाज नाही, तिशीतल्या व्हर्डीचा आहे."

स्वयंपाकघरात भेंडीच्या तेलाचा वास दाटला होता.

"म्हणजे मावशी दोनदा गायली," डार्ला सावकाश म्हणाली. "तेव्हाच. एकदा एकीबरोबर आणि…"

"आणि एकदा दुसरीबरोबर. त्यातली एक ओमा. एक डिनरवाली, एक सपरवाली. एक अशी, की जिच्या छातीत गिरणीचा कापूस बसलाय आणि जिला ओळीआधी धाप लागते. दुसरी अशी, की जिचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. विनफ्री म्हणतो त्याने सीडी ऐकली नाही, तरी ती धाप त्याला पाठ आहे. आता तूच सांग तुझी आई कुठली."

डार्लाचा चेहरा पांढरा पडला होता.

"जुनेल, तू माझ्या टेबलावर बसून…" व्हर्डी उसळली.

"तुझ्याच टेबलावर बसून बोलणार!" जुनेलने काटा खाली ठेवला. "चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घेतल्या मी पाच दिवस. तुला पहिल्या ओळीलाच कळलं होतं सीडीवर कोण आहे. सख्खी बहीण! आणि तिच्या पोरीच्या हाताने तू तिचा चुरा करायला निघालीस. नोटिशीवर पहिली सही पोरीची घेतलीस!"

६

एक वाजायला वीस मिनिटं होती.

व्हर्डीने हात मांडीवर घेतले. बोलली तेव्हा आवाज नेहमीचा, भाजी निवडताना बोलावं तसा होता.

"विनफ्रीने मला बाजूला घेतलं. म्हणाला, ही धाप रेकॉर्डवर चालणार नाही. एक तर दुसरी गाणारी घेऊ, नाही तर दोघी परत गिरणीत जा. मी म्हटलं, ओमाला विचारते. तो म्हणाला, विचारलंस तर ती नाही म्हणेल. मी नाही विचारलं. ओमाला सांगितलं, रेडिओवाल्यांकडे चाललेय. आठवडाभर त्या बाईबरोबर गायले."

"आणि आईला कधी कळलं?" डार्लाने विचारलं.

"गिरणीच्या खानावळीत रेडिओ होता. गाणं लागलं. सगळ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या, ओमा, ओमा म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनेसुद्धा टाळ्या वाजवल्या." व्हर्डीने टेबलपोशाची सुरकुती सरळ केली. "नंतर एवढंच म्हणाली, छान झालंय गं. त्यानंतर कधी गायली नाही. चर्चमध्ये नाही, तुला झोपवतानासुद्धा नाही."

डार्ला उठली. तिची खुर्ची मागे पडली.

"बत्तीस वर्षं तू मला परक्या बाईचा आवाज ऐकवलास," ती म्हणाली. "दर वाढदिवसाला. मी लग्नात तो लावला. बाळंतपणात कळा येत होत्या तेव्हा तो लावला. आई गं, आई गं म्हणत होते मी, आणि ती कोण होती? आणि आई खरोखर आली तेव्हा मी तिला कुत्रं म्हटलं! तू शेजारी उभी होतीस, मावशी. लोणचं घेऊन!"

"लोक काय म्हणतील मला?" व्हर्डी पुटपुटली. "या वयात?"

"म्हणू देत! चांगलं तोंडावर म्हणू देत! तिला तोंडावर टाळ्या वाजवायला लागल्या, तुला चार शब्द ऐकवत नाहीत?"

डार्लाने भिंतीवरचा फोन उचलला आणि नंबर फिरवला. तिने कूट्सला दोन वाक्यांत सांगितलं, थांबवा. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तिने फोन व्हर्डीपुढे धरला.

"दोघींनी सांगायचं आहे. गाडी यंत्राशी लागलीय."

व्हर्डीने फोनकडे पाहिलं, मग जुनेलकडे. जुनेलने मान वळवली नाही. मदत करायची तिची मुळीच इच्छा नव्हती. घड्याळात एकला आठ मिनिटं होती, मग सात.

व्हर्डीने फोन घेतला.

"व्हर्डी शेल्नट बोलतेय. चुरा करू नका." ती थांबली. एकोणतीस वर्षांच्या सवयीने जुनेलला फोनमधलं पलीकडचं बोलणंही ऐकू येत होतं. कूट्स म्हणत होता, कारण सांगा बाई, माझा वकील कारण मागतो.

"कारण तक्रार खोटी होती. तुमच्या सीडीवर गाते ती ओमा आहे. माझी बहीण."

"मग रेकॉर्डवर कोण आहे?"

व्हर्डीचे ओठ हलले. "तिचं नाव मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

डार्लाने तिला धन्यवाद दिले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. जुनेलच्या पर्समधून तिने सीडी काढून घेतली आणि बाहेरच्या खोलीत गेली. यंत्राचा खण उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

टेबलावर दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या होत्या. घेवड्यावर साय धरायला लागली होती. गिटार वाजली, आणि त्यानंतर ती धाप, अगदी जवळून, खोलीत कोणी चढ चढून आल्यासारखी. मग आवाज.

गाणं संपलं. डार्लाने तेच पुन्हा लावलं, आणि मग आणखी एकदा.

तिसऱ्या वेळी व्हर्डीच्या ओठांनी आपोआप आपली जागा धरली. चाळीस-पन्नास वर्षांची सवय, डोळे मिटून ती वरचा सूर हलकेच गुणगुणायला लागली.

बाहेरच्या खोलीतून डार्लाचा आवाज आला, रडून जड झालेला.

"मावशी, तू गप्प बस. तिला गाऊ दे."